टोनर, डिंक आणि बडोद्याचं ऊन

लेसर प्रिंटरमधून गरमागरम बाहेर येणाऱ्या कागदावर शाईचा थेंबही नसतो. असते ती टोनर नावाची प्लॅस्टिकची भुकटी: स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर, त्यात काजळी आणि जरासं मेण. स्थिर विजेच्या ओढीने ती कागदावर बसते आणि दोन रोलरांमधून जाताना सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून तंतूंमध्ये रुतते. झेरॉक्स मशीनही हेच करतं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून मेणकागदावर पहिली कोरडी प्रत उतरवली, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे.

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला यातून टोनरचे चार स्वभाव कळतात. पाण्याला तो दाद देत नाही. तेलकट शाईशी त्याचं चटकन जमतं. थिनरमध्ये तो विरघळतो. आणि उष्णता लागली की पुन्हा मऊ होतो. या चारांवर चार-पाच तंत्रं उभी आहेत आणि त्यासाठी लागणारं मशीन प्रत्येक गल्लीत पान-टपरीशेजारी आहे. इंकजेटचं सगळं याच्या उलट: तिथे पाण्यातला रंग कागदात शोषला जातो, त्यामुळे पुढचे प्रयोग इंकजेटच्या प्रतीवर करायला गेलात तर हाती चिखल लागेल. दुकानदाराला विचारूनही खात्री होत नसेल तर ओलं बोट कोपऱ्यावर घासावं. काळं बोटाला आलं तर ती प्रत कामाची नाही.

बडोद्यात यंत्र आणि कला यांची फारकत तशी कधी झालीच नाही. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं ते रंगाई, रसायन, यंत्रकाम आणि चित्रकला एका छपराखाली शिकवण्यासाठी. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. दादासाहेब फाळके इथे शिकले ते चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आणि छपाईही. १९५०मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली आणि इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागात आले. पुढे ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रं छापणं) आणि कॅमेरा दोन्ही हातांत सारख्याच सहजतेने धरले. रांगोळ्या, मांडणे, लिंपलेल्या भिंती यांचे त्यांनी काढलेले फोटो आज दस्तऐवज आहेत आणि कलाकृतीही. तेव्हा ‘मोबाइलवर काय कला होते’ असं नाक मुरडणाऱ्यांनी निदान या गावात तरी जपून बोलावं.

मोबाइलपासूनच सुरुवात करू, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथेच पेरल्या जातात. समजा, दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा कोरीव खांब आणि त्यावरची लाकडी महिरप छापायची आहे. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद कोनाची असते, फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास. जवळ जाऊन, फोन वर करून फोटो काढला की खांब आत झुकतात आणि खालचा भाग फुगतो. उपाय साधा आहे. चार पावलं मागे जा, जमलं तर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून काढा, २x वर ठेवा आणि फोन भिंतीला अगदी समांतर धरा. वर-खाली जास्तीची जागा आली तरी चालेल, ती नंतर कापता येते. झुकलेला खांब सॉफ्टवेअरने सरळ करताना मात्र कोरीवकाम ताणलं जातं.

दुसरं, फोन आपणहून सावल्या उजळवतो. एकापाठोपाठ अनेक चित्रं घेऊन, ती एकत्र करून सगळीकडे दिसेल असा गुळगुळीत फोटो तो बनवतो. पडद्यावर ते छान दिसतं, पण छापायला गेलं की चित्र सपाट होतं, कारण लाकडातलं कोरीवकाम दिसतं ते सावलीमुळेच. सकाळी किंवा चारनंतर ऊन तिरपं असताना जावं, पडद्यावर बोट दाबून फोकस आणि प्रकाश लॉक करावा आणि सूर्याची खूण थोडी खाली ओढून फोटो जरा काळपटच काढावा. लेन्स पुसायला सुती कापड. बोटाचा तेलकटपणा हे धूसर फोटोंचं सर्वांत मोठं कारण आहे आणि ते कोणत्याही अ‍ॅपने निघत नाही. तांबेकर वाड्यासारख्या ठिकाणी, जिथे भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, तिथे फ्लॅशचं नावही काढू नये.

मेगापिक्सेलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तो ३३ × २५ सेंटिमीटर होतो, म्हणजे ए-४ आरामात. ए-३ वर २४० डीपीआय मिळतात, तेही पुरे. घोटाळा होतो तो पाठवताना. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छापताना हे अवघे साडेतेरा सेंटिमीटर. वर जेपीईजीच्या दाबामुळे कडांभोवती चौकोनी कचरा जमतो, जो रंगीत फोटोत लपतो आणि काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवला की उघडा पडतो. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. त्याहून बरं म्हणजे, पानाचं माप ठरवून पीडीएफ करावी आणि दुकानदाराला ‘फिट टू पेज’ काढून ‘१०० टक्के’ करायला सांगावं. फिटमध्ये पान तीन-चार टक्के आखडतं. एकट्या प्रतीत ते कळत नाही. दोन प्रती एकमेकींवर बसवायच्या असतील तेव्हा कळतं.

आता थिनर, म्हणजे प्रतीवरचा टोनर सोडवून दुसऱ्या कागदावर उतरवणं. पानाची उलटी (मिरर) लेसर प्रत घ्यायची, तोंड खाली करून चांगल्या कागदावर दोन बाजूंनी चिकटपट्टीने पक्की करायची, कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळायचा, मागून पुसायचं आणि लगेच चमच्याच्या पाठीने घासायचं. बोळा ओला राहिला तर टोनर वाहतो आणि रेषा फुटते. फार कोरडा असेल तर ठिगळं उठतात. थिनर थर्मोकोलच्या कपात ओतू नये, कप विरघळतो. स्टीलची किंवा काचेची वाटी घ्यावी. खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास गॅस, उदबत्ती काही नको. वसतिगृहाच्या खोलीत, रात्री, दार लावून हे करणाऱ्यांना डोकेदुखी ठरलेली. शिवाय सगळे टोनर सारखे नसतात, काही दुकानांची प्रत ढिम्म हलत नाही. चार दुकानांतून एकेक तुकडा आणून तपासावा आणि ज्याचा उतरतो त्याला धरून राहावं.

पण टोनरची खरी करामत कागदी लिथोत आहे. लिथोग्राफीचं तत्त्व अलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात शोधलं: चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, बाकी दगड ओला ठेवायचा, तेलकट शाई फक्त तेलकट जागी बसते. राजा रविवर्म्यांच्या देवी घरोघरी पोचल्या त्या याच दगडांवरून; त्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि चित्रं अशी छापून लोकांपर्यंत न्यावीत हे त्यांना सुचवणारे टी. माधवराव एके काळी बडोद्याचे दिवाण होते. दगड आज मिळणं कठीण आणि उचलणं त्याहून कठीण. त्या दगडाच्या जागी झेरॉक्सचा कागद ठेवला की काम भागतं: टोनर तेलकट, कोरा कागद ओला, आणि त्या कागदाला ओलं धरून ठेवायला डिंक.

इथे डिंकाची निवड महत्त्वाची. छपाईचं साहित्य विकणाऱ्यांकडे गम अरेबिक मिळतं, तेच घ्यावं. किराणा दुकानात लाडवांसाठी मिळणारा डिंक कधी बाभळीचा असतो, कधी धावड्याचा. धावड्याचा पूर्ण विरघळत नाही. आणि कतिरा गोंद तर फक्त फुगतो, विरघळतच नाही. तो वापरला की कागदावर जेलीचे गोळे आणि त्यातून छापलेली पांढरी भोकं. १०० ग्रॅम डिंकाला ३०० मिलिलिटर पाणी, रात्रभर भिजत, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो, वास येतो. फ्रिजमध्ये ठेवावा किंवा लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकावेत.

कृती अशी. ७५ किंवा ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) साध्या कागदावर लेसर प्रत काढा. अक्षरं असतील तर उलटी. मोठे सलग काळे भाग टाळा, कारण झेरॉक्स मशीन काळ्याच्या मध्यभागी टोनर कमी टाकतं. करडे भाग हवे असतील तर फोटो आधीच जाड ठिपक्यांत बदलून घ्या, इंचाला ४५ ते ६५ ठिपके. त्याहून बारीक ठिपके शाईने एकमेकांना चिकटतात. जाड काचेवर स्पंजाने डिंक लावा, त्यावर प्रत पालथी न घालता तोंड वर करून बसवा, वरूनही डिंक पुसा आणि जास्तीचा पिळलेल्या स्पंजाने टिपून घ्या. शाई तेलाचीच हवी, एचिंगची (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापायची) किंवा लिथोची. अळशीच्या तेलाचे काही थेंब घालून ती सैल करावी. रोलर हलक्या हाताने, दाब न देता फिरवा.

पहिल्या फेरीत सगळा कागद काळाभोर दिसतो आणि नवशिक्या इथेच प्रत फेकून देतो. फेकू नये. पाण्यात थोडा डिंक मिसळून त्या स्पंजाने हळूच पुसत गेलं की कोऱ्या जागेवरची शाई सुटते आणि टोनरवरची राहते. पुन्हा रोलर, पुन्हा स्पंज, असं तीन-चार वेळा. मग प्रत उचलून कोऱ्या वर्तमानपत्री कागदावर क्षणभर ठेवायची, जास्तीचा डिंक तिथे जातो. आणि ओलसर केलेल्या सुती कागदावर पालथी घालून प्रेसमधून काढायची, एचिंगला देतो त्यापेक्षा कमी दाबाने. प्रेस नसेल तर चमच्याची पाठ आणि धीर.

पार्श्वभूमी करडी आली तर शाई घट्ट होती किंवा मधेच डिंक वाळला. मे महिन्यात पंखा चालू ठेवून काम केलं की हे हमखास होतं. रेषा तुटक आल्या तर टोनरवर डिंकाचा थर जाड बसलाय. प्रत छापील कागदाला चिकटून फाटली तर डिंक टिपायचा राहिला. आणि एका प्रतीवरून ठसे निघतात दोन-चार, फार तर पाच. मग कागद भिजून लगदा होतो. दुसरी झेरॉक्स काढायची. दगडाच्या लिथोवाल्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाने एका दुपारी वीस ठसे काढून पाहावेत, त्यातले अठरा फेकावेत, यात जे शिक्षण आहे ते एका दगडावर महिनाभर अडकण्यात नाही. हे मत झालं. वाद घालायला हरकत नाही.

निळ्या छापाकडे वळू. सर जॉन हर्शेल यांनी १८४२मध्ये सायनोटाइप, म्हणजे लोहक्षारांच्या लेपावर उन्हाने उमटणारा निळा छाप, शोधला, पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने शेवाळांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं आणि नंतर इंजिनियरांच्या नकाशांनी तो निळा जगभर नेला. आज फोनमधलं फिल्टर एका टिचकीत कुठल्याही फोटोला निळा करतं. त्या निळ्याला आणि कागदाच्या तंतूत बसलेल्या प्रशियन ब्लूला शेजारी ठेवून पाहिलं की फिल्टर पुन्हा वापरावंसं वाटत नाही.

खत, औषधं आणि पेट्रोरसायनांच्या या शहरात प्रयोगशाळेची रसायनं विकणारी दुकानं शोधावी लागत नाहीत. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या जातीचं, २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालायचं चालतं. दोन वेगळ्या तपकिरी बाटल्या. पहिल्या बाटलीत काही दिवसांनी बुरशीचा पापुद्रा येतो, तो गाळून काढावा, द्रावण टाकायची गरज नसते. वापरायच्या वेळी दोन्ही सारखे मिसळायचे, सुईविना सिरिंजने मोजून. ए-४ कागदाला साधारण ३ मिलिलिटर मिश्रण लागतं. लोखंडी पट्टीचा ब्रश नको, त्या पट्टीतून निळे डाग उतरतात. फोमचा किंवा लाकडी दांड्यात बांधलेला केसांचा ब्रश घ्यावा. ट्यूबलाइट बंद, खिडकीला जाड पडदा आणि मंद पिवळा बल्ब. लेप पिवळट-हिरवा दिसला पाहिजे. वाळतानाच निळा होऊ लागला तर खोलीत उजेड शिरतोय किंवा कागद खराब आहे.

सुरक्षेबद्दल एकच सांगतो, पण ते ठसवून. हे फेरिसायनाइड एरवी फारसं विषारी नाही, मात्र तीव्र आम्ल आणि उष्णता यांच्याशी गाठ पडली तर त्यातून विषारी वायू निघू शकतो. म्हणून ट्रे धुवायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही वापरायचं नाही. स्वयंपाकघरातले चमचे-वाट्याही वेगळ्या ठेवायच्या.

निगेटिव्ह बनवायचं ते पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात. फोटो काळा-पांढरा करायचा, रंग उलटे करायचे, ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर) लेसरने छापायचं. शीट लेसरचीच हवी. इंकजेटची किंवा साधी प्लॅस्टिकची शीट मशीनच्या गरम रोलरवर वितळून गुंडाळली जाते आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही. टोनरचा काळा उजेडापुढे धरला तर पुरेसा दाट नसतो, त्यात बारीक भोकंही असतात. म्हणून त्याच मापाच्या दोन शीट काढून, खिडकीच्या काचेवर जुळवून, कडेने चिकटवाव्यात. १०० टक्क्यांचा आग्रह यासाठी होता. पैसे कमी असतील तर साध्या कागदावर प्रत काढून तिला मागून खोबरेल तेल चोळावं. कागद पारदर्शक होतो. तेल टिपून घ्यावं आणि मधे पातळ पारदर्शक फिल्म ठेवावी, नाहीतर डाग पडतात. वेळ मात्र दुप्पट-तिप्पट लागतो, कारण पांढरा शुभ्र दिसावा म्हणून कागदात घातलेली द्रव्यं नेमके अतिनील किरण पिऊन टाकतात.

कागद, निगेटिव्ह, वर साधी काच, मागे प्लायवूड, चारी बाजूंनी बुलडॉग क्लिपा. पॉलिकार्बोनेटची शीट काच म्हणून वापरू नका, ती अतिनील अडवते. मग गच्ची. बडोदं २२.३ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. जूनच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तर डिसेंबरात दुपारीही तो ४४ अंशांच्याच आसपास असतो. शिवाय घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशाचं आहे आणि बडोदं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह बारा वाजता होत नाही, ऋतूनुसार बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान होते. अकरा ते दोन हा वेळ धरावा. मे महिन्यात स्वच्छ शीटखाली पाच-आठ मिनिटं पुरतात, उत्तरायणाच्या सुमारास पंधरा लागू शकतात. हे आकडे फक्त सुरुवातीला. आपल्या निगेटिव्हचा आकडा काढायला एक पट्टी घ्यावी, तिच्यावर पुठ्ठा ठेवून दर तीन मिनिटांनी तो सरकवावा. उघडे भाग आधी निळे, मग राखी, शेवटी जवळजवळ कांस्यासारखे दिसतात. ‘फार जळलं’ असं वाटेपर्यंत थांबावं, धुतल्यावर बराच रंग उतरतो.

धुण्यात सर्वाधिक चित्रं मरतात. प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. बोअरच्या जड पाण्यात छाप बुडवला की निळा फिका पडू शकतो. पहिल्या धुण्याच्या लिटरभर पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचा एक मोठा चमचा किंवा चिमूटभर लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घालावं. मग साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, पांढऱ्या जागेतला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. शेवटी लिटरभर पाण्यात औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिलिलिटर घालून अर्धा मिनिट बुडवलं की निळा एकदम गडद होतो. नाही केलं तरी हवेने दिवसभरात होतोच. आम्लमुक्त म्हणून विकला जाणारा महाग कागदही दगा देतो, कारण त्यात टिकाऊपणासाठी खडूची भुकटी घातलेली असते आणि तीही अल्कलीच. दोन-तीन कागदांचे तुकडे आधी तपासून पाहावेत, किमतीवर जाऊ नये. सुती कापडावर करायचं तर आधी खळ काढावी, आणि नंतर ते कापड डिटर्जंटने कधीच धुवू नये.

ज्याला निळा आवडत नाही त्याने हाच दोष कामाला लावावा. लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, छाप फिका पडेपर्यंत, मिनिटभराच्या आत; नीट धुऊन मग कडक कोऱ्या चहात अर्धा-पाऊण तास. तपकिरी-काळा येतो, पण पांढरे भागही चहाचे होतात.

जुलै ते सप्टेंबर हे काम बंद ठेवलेलं बरं. ऊन नसतं म्हणून नव्हे, ढगांतूनही अतिनील किरण येतात, वेळ वाढवला की भागतं. अडचण दमटपणाची आहे: लेप वाळत नाही, निगेटिव्ह चिकटतं, पांढऱ्या जागी निळी झाक येते. त्या दिवसांत हळद घ्या. हळदीचा डाग उन्हात उडतो हे प्रत्येक घरात माहीत असतं. स्पिरिटमध्ये हळद भिजवून, गाळून, कागदावर पसरायची, घरातच पंख्याखाली चटकन वाळते, आणि उघडीप मिळेल तेव्हा गच्चीवर. इथे निगेटिव्ह नको, सरळ पॉझिटिव्हच लागतं, कारण जिथे ऊन पडतं तिथला रंग जातो. काही तास लागतात. मग टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात बुडवलं की उरलेली हळद तांबूस तपकिरी होते. छाप टिकाऊ नाही, उजेडात फिका होत जातो. त्याचा फोटो काढून ठेवायचा.

स्कॅनरबद्दल थोडक्यात. घरगुती ऑल-इन-वन प्रिंटरात बहुतेक सीआयएस जातीचा सेन्सर असतो, काचेला टेकलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. झाडाच्या पानाची शीर दिसते, देठ धूसर. जुन्या जाड फ्लॅटबेडमधला सीसीडी सेन्सर सेंटिमीटरभर वरचंही पकडतो. खंडेराव मार्केटातून आणलेला झेंडू, भोपळ्याची फोड, माळ ठेवायची तर काचेवर आधी ओएचपी शीट अंथरावी, झाकण उघडं ठेवून खोली अंधारी करावी. मागचा भाग गडद काळा येतो. आणि प्रकाशाची पट्टी सरकत असताना वस्तूही हळूहळू सरकवली की ती लांबते, वळते, दुमडते. पट्टीच्या दिशेने सरकवली तर ताणली जाते, उलट दिशेने आखडते. झेरॉक्सवरही हे होतं, पण दुकानात गर्दी नसताना विचारावं.

तयार छापांचे फोटो काढताना फोन पुन्हा आडवा येतो. चौकटभर निळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच निळा आहे, आणि तो निळ्यातला निळा काढून राखी करतो. छापाच्या कडेला पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी ठेवा, व्हाइट बॅलन्स तिच्यावर धरा, पट्टी नंतर कापा. उजेड एकाच जातीचा हवा: उत्तरेच्या खिडकीचा किंवा सावलीतल्या अंगणाचा, वर ट्यूबलाइट नको. काचेखालच्या चित्रासाठी फोनमागे काळं कापड धरलं की आपलंच प्रतिबिंब येत नाही.

राहिलं ते नाव लिहिणं. प्रदर्शनात चित्राखालच्या चिठ्ठीवर सर्रास ‘मिक्स्ड मीडिया’ लिहून मोकळं होतात, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. ‘लेसर प्रतीवरून कागदी लिथो, तेलशाई, सुती कागद’ किंवा ‘सायनोटाइप, चहाने रंग बदललेला’ असं लिहायला एक ओळ पुरते. कागदी लिथोचे ठसे एकमेकांसारखे येत नाहीत, तेव्हा ते एकसारखी आवृत्ती म्हणून विकू नयेत, क्रमांकाआधी ई.व्ही. लिहावं, म्हणजे आवृत्तीतले ठसे वेगवेगळे आहेत हे घेणाऱ्याला समजतं. सगळं पेन्सिलने, प्रतिमेच्या खाली: डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही आणि साल.